‘अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर’ : पोटापाण्यापासून सुरू होणारी गोष्ट

पस्तीस वर्षांची बाई, वयात येऊ घातलेला बडबड्या मुलगा, पदरी कसलंही प्रशिक्षण नाही, शिल्लक जेमतेम, आणि घरात पगार आणणारा एकमेव माणूस अपघातात गेलेला. मार्टिन स्कॉर्सेसीचा 1974 सालचा हा सिनेमा इथून सुरू होतो. बाईने आयुष्य नव्याने उभं करण्यावर अमेरिकेत भरपूर सिनेमे निघाले. त्यांतल्या बऱ्याचशा नायिका दुसऱ्याच दृश्यात छानशा घरात राहायला जातात आणि भाडं कोण भरतं हे आपण विचारायचं नसतं. अ‍ॅलिस हायटच्या बाबतीत मात्र आज मोटेलचं भाडं कसं निघणार, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक दृश्याच्या मागे उभा असतो. पन्नास वर्षांनंतरही सिनेमा ताजा वाटतो तो मुख्यतः यामुळे. त्यात दोष आहेत आणि त्यांतला एक मोठा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण पाहावा का, असं कुणी विचारलं तर उत्तर निःसंकोच ‘हो’.

सिनेमावर नाव स्कॉर्सेसीचं असलं तरी तो उभा केला अ‍ॅलिसची भूमिका करणाऱ्या एलन बर्स्टिनने. ‘द एक्सॉर्सिस्ट’मुळे वॉर्नर ब्रदर्समध्ये तिच्या शब्दाला वजन आलं होतं. रॉबर्ट गेचेलची पटकथा तिने स्टुडिओकडे नेली आणि दिग्दर्शकही तिनेच शोधला. कुणी तरुण, दमदार दिग्दर्शक सुचव, असं तिने ‘द गॉडफादर’चा दिग्दर्शक फ्रान्सिस कपोलाला विचारलं. त्याने ‘मीन स्ट्रीट्स’ बघ म्हणून सांगितलं. न्यूयॉर्कच्या गल्लीतल्या पोरांवर सिनेमा काढणाऱ्या माणसाला बायकांबद्दल काय कळतं, असं तिने स्कॉर्सेसीला तोंडावर विचारलं. त्याने काहीच कळत नसल्याचं आणि शिकायची इच्छा असल्याचं कबूल केलं, हा किस्सा तिने नंतर अनेकदा सांगितला आहे. संकलन मार्सिया लुकासचं, कलादिग्दर्शन टोबी राफेल्सनचं, सहयोगी निर्माती सँड्रा वाइन्ट्रॉब. मोठ्या जागांवर इतक्या बायका असणं त्या काळच्या हॉलिवूडमध्ये विरळाच होतं. तालमीत नट उत्स्फूर्त बोलायचे आणि त्यातलं जमलेलं संहितेत घेतलं जायचं. म्हणून इथली माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, अर्ध्यावर सोडतात, भलतीकडेच वळवतात. एकदोन ठिकाणी दृश्य त्यामुळे लांबतंही.

पहिली काही मिनिटं पाहून गोंधळायला होतं. सॅटिनच्या कापडावर श्रेयनामावली, मागे जुन्या संगीतपटांतली गायिका-अभिनेत्री अ‍ॅलिस फेचं ‘यू’ल नेव्हर नो’, आणि मग चौकोनी, अरुंद चौकटीत लालभडक संध्याकाळ. आकाश रंगवलेलं आहे हे उघड दिसतं. ‘विझर्ड ऑफ ऑझ’च्या जमान्यातला स्टुडिओ जसाच्या तसा उभा केला आहे आणि त्यात कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावातली छोटी अ‍ॅलिस चालत येते. आपण अ‍ॅलिस फेपेक्षा चांगलं गाऊ शकतो, असं ती ठणकावून सांगते आणि वर एक सणसणीत शिवी हासडते. पुढच्याच क्षणी चौकट रुंदावते, मॉट द हूपलचं रॉक गाणं कानावर आदळतं आणि आपण सत्तावीस वर्षं पुढे, न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावावर उडत असतो. ही सुरुवात कृत्रिम वाटली म्हणून सिनेमा बंद करू नका. अ‍ॅलिसच्या डोक्यातलं मॉन्टेरे हे असंच आहे, सिनेमात पाहिलेलं. पुढचा सगळा प्रवास त्या रंगवलेल्या आकाशाच्या दिशेने व्हायचा आहे, आणि ते खोटं आहे हे आपल्याला तिच्याआधी माहीत असतं.

सोकोरोतला नवरा डोनाल्ड कोका-कोलाचा ट्रक चालवतो. बिली ग्रीन बुशने त्याला सरळसोट दुष्ट केलेलं नाही. तो जेवताना बोलत नाही, मुलाच्या गाण्यावर खेकसतो, बायकोने केलेलं मुकाट गिळतो. पण रात्री ती पाठ करून रडायला लागते तेव्हा तो तिला जवळ घेतो, आणि हे दोघं मुळात एकत्र का आले असतील ते त्या एका हालचालीतून कळतं. त्यामुळे अपघाताची बातमी येते तेव्हा अ‍ॅलिसचं दुःख खरं वाटतं, आणि त्या दुःखात मिसळलेली मोकळीकही. बी नावाच्या शेजारणीबरोबरचा तिचा निरोप लेलिया गोल्डोनीने फार मोजक्या अभिनयात केला आहे. त्या दोघींची मैत्री संसारापेक्षा पक्की होती हे सांगायला पटकथा एक वाक्यही खर्ची घालत नाही.

मग घरातलं सामान विकायला काढायचं, उरलेलं स्टेशन वॅगनमध्ये कोंबायचं आणि निघायचं. बेत असा, की मॉन्टेरेला पोचायचं, लग्नाआधी गायची तसं पुन्हा गायचं, आणि वाटेत कमवत जायचं. इथे नकाशा शेजारी ठेवून सिनेमा पाहिला तर एक गंमत लक्षात येते. सोकोरोहून अ‍ॅरिझोनातलं फिनिक्स पश्चिमेला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या दिशेने. पण फिनिक्स सोडून ती जाते ते टूसॉनला, जे सुमारे 180 किलोमीटर आग्नेयेला आहे. मॉन्टेरे राहिलं उलट्या बाजूला. ती स्वप्नाकडे निघाली असली तरी गाडी मध्येच विरुद्ध दिशेला वळली आहे, आणि सिनेमात कुणीही हे बोलून दाखवत नाही. पैसा आणि भीती या दोन गोष्टी माणसाचा रस्ता कसा ठरवतात ते त्या वळणात दिसतं.

फिनिक्समधली नोकरीची वणवण हा सिनेमाचा सर्वोत्तम भाग. अ‍ॅलिस तरुण दिसावं म्हणून आधी कपड्यांवर आणि केसांवर पैसे घालते, कारण बारमध्ये गाणारी पस्तिशीची बाई कुणाला नको असते हे तिला ठाऊक आहे. मग एकामागून एक बार. दुपारच्या वेळी उघडे, आत अंधार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. एक मालक तिला गोल फिरून दाखवायला सांगतो. गाणं मी तिथून म्हणत नाही, चेहऱ्याकडे बघ, अशा अर्थाचं ती त्याला खडसावते. पण नोकरी मिळत नाही ती नाहीच, आणि असं बाणेदार उत्तर दिल्यावर पुढच्या दारात पाऊल टाकताना जो थकवा येतो तो बर्स्टिनच्या चालीत दिसतो. शेवटी एका बारमध्ये तिला रडू फुटतं. मालक अवघडतो, गाणं ऐकून घेतो, काम देतो. हे काम कौशल्यावर मिळालं की दयेवर, हे सिनेमा उघड करत नाही.

आणि तिचं गाणं? बर्स्टिन स्वतः गायली आहे. ‘व्हेअर ऑर व्हेन’, ‘आय हॅव गॉट अ क्रश ऑन यू’ अशी ब्रॉडवेची जुनी गाणी. कॅमेरा पियानोभोवती फिरत राहतो, प्रकाश मऊ होतो, आणि आवाज लागतो तो बरा, स्वच्छ, थोडा पातळ. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना पुरेसा. त्यापलीकडे नाही. दुसऱ्या कुठल्या सिनेमात इथे एखादी कसलेली पार्श्वगायिका आणली असती आणि पुढची सगळी गोष्ट फसली असती. बाई असामान्य गाते असं ठरलं, की प्रेक्षक तिच्या यशाची वाट बघत बसतो. इथे तो तिच्या भाड्याची काळजी करतो. टूसॉनला गेल्यावर ती गाणं बाजूला ठेवून ताटं उचलते ते पटतं ते याच आवाजामुळे.

फिनिक्समध्येच बेन भेटतो. हार्वी कायटेल. गोड बोलतो, चिकाटीने मागे लागतो, वयाने लहान, हसरा. अ‍ॅलिस आधी नाही म्हणते, मग एकटेपणाला कंटाळून हो म्हणते. मग एके दिवशी त्याची बायको रीटा दारात येते. लेन ब्रॅडबरीने ती अगदी हळू आवाजात, जवळजवळ माफी मागत बोलणारी केली आहे, भांडायला आलेली नाही. तेवढ्यात बेन येऊन दाराची काच फोडतो. पुढची दोनेक मिनिटं पाहणं कठीण आहे. हातातला कॅमेरा त्या छोट्या खोलीत माणसांच्या अगदी जवळ आहे, बाहेर पडायला वाट नाही, आणि मघाचा हसरा माणूस तोच असूनही ओळखू येत नाही. ज्यांना घरगुती हिंसेची दृश्यं सोसत नाहीत त्यांनी इथे सावध राहावं, कारण आधी कसलीही सूचना मिळत नाही. ही अडचण जाणूनबुजून ठेवलेली आहे. अ‍ॅलिसलाही सूचना मिळालेली नसते. दृश्य संपताच ती सामान भरते, पोराला उचलते आणि निघते. पोलिसांना सांगणं नाही, भाषण नाही. हातात पैसा नसलेली बाई करू शकते ते एकच करते, गाव सोडते.

टूसॉनला तिला काम मिळतं ते मेल अँड रूबीज कॅफेत, वेट्रेसचं. इथून सिनेमाचा सूर बदलतो आणि काही लोकांना हा बदल खटकतो. पहिला भाग प्रवासाचा आणि भीतीचा, दुसरा जवळजवळ विनोदी. पण दुपारची गर्दी नीट पाहिली तर विनोद कुठून येतो ते कळतं. तीन वेट्रेस, एक आचारी-मालक, अरुंद काउंटर, एकाच वेळी ओरडणारी वीसेक माणसं. व्हॅलरी कर्टिनची व्हेरा पदार्थ चुकीच्या टेबलावर नेते, तो परत येतो, तोवर पुढचे दोन निघालेले असतात, आणि एका चुकीने पुढची सगळी ओळ कोलमडते. व्हिक टेबॅकचा मेल आतून आरडाओरडा करतो, पण काम त्याच्या दराऱ्यावर चाललेलं नाही. ते चालतं डायन लॅडच्या फ्लोवर. तोंडाने फटकळ, अचकट-विचकट बोलण्यात पुरुषांना मागे टाकणारी, आणि गिऱ्हाईक कितीही चढलं तरी त्याला जागेवर बसवणारी. गळ्यात सेफ्टी पिनांचा क्रूस, आणि आपण त्याच्यामुळेच एकसंध आहोत असं ती सांगते.

अ‍ॅलिसला फ्लो सुरुवातीला असह्य होते. हे अगदी बरोबर दाखवलं आहे. आपण गायिका आहोत, हे काम तात्पुरतं, अशा समजुतीत असलेल्या बाईला त्या कामात मुरलेली बाई आवडत नाही, कारण तिच्यात स्वतःचं भविष्य दिसतं. मग दोघी कॅफेबाहेर ऊन खात बसतात, डोळे मिटून, तोंडं वर करून, एकमेकींकडे न बघता बोलतात. नवऱ्याबद्दल, पैशाबद्दल, काहीही. दृश्यात काही घडत नाही, कॅमेरा जवळ येऊन थांबतो आणि दोन बायका हसतात. पुढे न्हाणीघरातल्या बोलण्यात अ‍ॅलिस कबूल करते, की पुरुषाशिवाय कसं जगायचं हे तिला कधी कळलंच नाही. फ्लोचा सल्ला साधा आहे. आधी तुला काय हवंय ते ठरव, मग दोन्ही पायांनी उडी मार. सिनेमात प्रेमप्रकरण दोन आहेत, पण सगळ्यात नीट वाढलेलं नातं या दोघींचं आहे. लॅडला साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, त्यासाठी ही दोन दृश्यंही पुरेशी होती.

मुलाबद्दल मतं टोकाची पडतात. आल्फ्रेड लटरचा टॉमी सतत बोलतो. गाडीत तो एक लांबलचक, दमवणारा विनोद सांगतो, ‘शूट द डॉग’ हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा घोळवतो, आणि आईला तो समजत नाही म्हणून परत सांगतो. ते ऐकताना आपलाही जीव मेटाकुटीला येतो, आणि दृश्याचं काम तेच आहे. लांबच्या प्रवासात मुलाला सांभाळणं म्हणजे काय, हे इतक्या खरेपणाने क्वचित दाखवलं गेलं आहे. अ‍ॅलिस त्याच्याशी मैत्रिणीसारखं बोलते, कारण बोलायला दुसरं कुणी नाही. मग एकदम आई व्हायला जाते तेव्हा तो जुमानत नाही. ही चूक सिनेमा तिच्या पदरात टाकतो, पण तिला खलनायिका करत नाही. टूसॉनमध्ये टॉमीला ऑड्री भेटते, वयाच्या मानाने फार जास्त जग पाहिलेली, दुकानातून वस्तू उचलणारी, वाइन पिणारी. ही भूमिका जोडी फोस्टर या अभिनेत्रीची. दोन वर्षांनी आलेल्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये ती आणि कायटेल पुन्हा स्कॉर्सेसीबरोबर आहेत. तिची दृश्यं थोडी, पण प्रत्येक वेळी पडद्यावरची हवा बदलते.

आता मोठा दोष. डेव्हिड, म्हणजे टूसॉनमध्ये भेटणारा अ‍ॅलिसचा दुसरा प्रियकर. क्रिस क्रिस्टोफरसन देखणा आहे, त्याचा आवाज शांत आहे, तो कॅफेत येऊन बसतो, गाईगुरं राखतो, टॉमीला गिटार शिकवतो. पण त्याच्याबद्दल आपल्याला फारसं काही कळत नाही. घटस्फोट झाला आहे एवढं सांगितलं जातं, का झाला याचे धागे सैल राहतात. अ‍ॅलिस, फ्लो, अगदी काही मिनिटं दिसणारी रीटासुद्धा त्याच्याहून भरीव आहेत. टॉमीच्या वाढदिवशी तो पोरावर हात उगारतो तेव्हा सिनेमा एका महत्त्वाच्या प्रश्नाच्या तोंडाशी येतो. बेनपासून पळालेली बाई पुन्हा तशाच माणसाकडे आली आहे का? अ‍ॅलिस भांडून निघते. परतीच्या रस्त्यात चिडून पोराला गाडीतून उतरवते, तो भटकतो, ऑड्रीबरोबर दारू पितो आणि पोलिसांच्या हाती लागतो. हा सगळा भाग घट्ट बांधलेला आहे. पण त्यानंतर डेव्हिडच्या त्या उगारलेल्या हाताचा हिशेब होत नाही. तो कॅफेत येतो, दिलगिरीचा सूर लावतो आणि प्रश्न मिटल्यात जमा होतो.

शेवटावरून तेव्हाही वाद झाला. मूळ पटकथेत अ‍ॅलिस डेव्हिडला सोडून पुढे जायची. स्टुडिओला गोड शेवट हवा होता. मधला मार्ग काढला तो असा: भरल्या कॅफेत, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, डेव्हिड म्हणतो की गुरांचं काय व्हायचं ते होवो, तुला मॉन्टेरेला घेऊन जातो. लोक टाळ्या वाजवतात. हे नाटकी आहे, आणि नाटकी दिसावं अशाच बेताने चित्रित केलं आहे. त्या टाळ्या सुरुवातीच्या रंगवलेल्या आकाशाच्याच जगातल्या. बेत कळतो, पण आधीचा तास-दीड तास इतका खरा झाला आहे की या टाळ्या कानाला बोचतात. त्या काळातल्या स्त्रीवादी समीक्षकांतल्या काहींनी याच जागेवर बोट ठेवलं होतं आणि त्यांचा आक्षेप आजही रास्त वाटतो. सिनेमाला सावरतं ते त्यानंतरचं दृश्य. अ‍ॅलिस मॉन्टेरेचा हट्ट सोडते, टूसॉनमध्येच राहायचं ठरवते आणि टॉमीबरोबर रस्त्याने चालत जाते. दूर एका पाटीवर ‘मॉन्टेरे व्हिलेज’ असं लिहिलेलं आहे. ती पाटी चित्रीकरणाच्या जागी आधीपासून होती. कुणी मुद्दाम लावली असती तर ती ढोबळ वाटली असती.

तांत्रिक बाजूत केंट वेकफर्डचं छायाचित्रण उल्लेखनीय आहे. बहुतेक वेळा कॅमेरा हातात, सतत किंचित हलता. मार्सिया लुकासचं संकलन मात्र उत्तरार्धात जाणवतं. कॅफेची काही दृश्यं थोडी आधी संपली असती तर डेव्हिडला लागणारी जागा मिळाली असती.

सिनेमा 112 मिनिटांचा आहे. पाहताना इंग्रजी सबटायटल्स नक्की लावा. दक्षिणेकडचे उच्चार, एकमेकांवर चढणारे संवाद आणि कॅफेतला गलका यांत निम्मे विनोद हातून निसटतात, विशेषतः फ्लोचे. पहिल्या काही मिनिटांत चित्र चौकोनी दिसलं तर टीव्हीचं सेटिंग बदलू नका, ते तसंच असायला हवं. दोन बैठकांत पाहायचा असेल तर फिनिक्स सोडल्यावर थांबा, सूर तिथेच बदलतो. भाषा चांगलीच शिवराळ आहे आणि बेनचं दृश्य आहे, त्यामुळे लहान मुलांना घेऊन बसण्यासारखा हा सिनेमा नाही. आईबरोबर पाहायला मात्र उत्तम.

बर्स्टिनला यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्या वर्षी तिच्यासमोर ‘चायनाटाउन’मधली फे डनवे आणि ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’मधली जीना रोलंड्स होती, म्हणजे स्पर्धा किती कठीण होती याची कल्पना यावी. बर्स्टिन ब्रॉडवेवर नाटकात अडकलेली असल्याने तिच्या वतीने ऑस्करची बाहुली स्कॉर्सेसीने स्वीकारली. बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह लॅड आणि गेचेललाही पुरस्कार मिळाले. पुढे 1976 ते 1985 या काळात सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर ‘अ‍ॅलिस’ नावाची विनोदी मालिका चालली, त्यात नायिका लिंडा लॅव्हिन. मेल तोच, व्हिक टेबॅक. मालिका आधी पाहिली असेल तर तिचा सूर डोक्यातून काढून टाका. तिथे कॅफे हेच घर होऊन बसतं. सिनेमात तो पगार मिळण्याची जागा आहे, आणि फ्लो, व्हेरा, अ‍ॅलिस तिघी घड्याळाकडे बघून काम करतात.